चिठ्ठ्या न टाकता केलेली वाटणी

मी, वर्ना मे लिंडक्विस्ट, वय सत्त्याहत्तर, कैलासवासी ओरिन लिंडक्विस्ट यांची पत्नी, राहणार फॅलन, नेव्हाडा, माझ्यामागे कोणी कोणाचे तोंड बघायचे सोडू नये म्हणून हा कागद करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल लेखी काही द्यायला ते तयार झाले नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती दोन्ही रद्द समजावीत. त्यातले पहिले मी जुगार खेळत होते त्या काळातले आहे, आणि त्यात जे वाटून दिले होते त्यातले निम्मे सहीची शाई वाळेपर्यंतही माझ्याकडे उरले नव्हते.

माझ्या वकील मिसेस पॅजेट यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात कारणे लिहू नयेत, कारणे लिहिली की भांडणाला तोंड फुटते. त्या शिकलेल्या बाई आहेत. पण आमच्या घरात जे जे बिघडले ते न बोलल्याने बिघडले, म्हणून मी कारणे लिहिणार आहे. त्या तासावर पैसे घेतात, तेव्हा त्यांनी तक्रार करू नये.

कलम पहिले. माझे अंत्यविधी साधे करावेत. जेवणाला हॅम, चीज घातलेले बटाटे आणि मी ऑगस्ट-सप्टेंबरात गेले तर आपल्या गावची खरबुजे. इतर महिन्यांत दुकानातली खरबुजे आणून माझी अब्रू घालवू नये. चर्चच्या सभागृहात कोणाचेही जेवण असले की अग्निशमन दलाची माणसे सोडतीची तिकिटे घेऊन टेबलाटेबलावर फिरतात, तसे माझ्या जेवणात फिरू नये. दल चांगले आहे, ओरिनला गच्चीवर चक्कर आली तेव्हा त्यांनीच खाली उतरवले होते. दाराशी एक डबा ठेवा, ज्याला द्यायचे तो देईल.

कलम दुसरे. गॅरेजमधली हत्यारांची लाल पेटी, त्यातल्या सगळ्या पान्यांसह, गावच्या हायस्कूलच्या कार्यशाळेला द्यावी. पेटीच्या झाकणावर आतून माझे नाव कोरलेले आहे, ते खरवडू नये.

ही पेटी घेऊन मी चौदा वर्षे एका कसिनोत नाणे टाकून खेळायची जुगाराची यंत्रे दुरुस्त केली. कसिनोचे नाव लिहीत नाही. त्यांनी मला वेळेवर पगार दिला आणि बाईमाणूस म्हणून इतर मेकॅनिकांपेक्षा जास्त चिडवले नाही. यंत्राचे पोट मी डोळे मिटून उघडू शकत होते. आत एक चिप असते, ती दर वेळी नवा आकडा काढते आणि मागचा विसरते. गिऱ्हाईक तक्रार करायला आले की मी त्यांना हेच सांगायची, "काका, याला काही आठवत नाही हो. सकाळपासून दिलं नाही म्हणून आता देईल, असं काही नसतं." आणि जेवणाची सुट्टी झाली की रस्ता ओलांडून समोरच्या कसिनोत जायची, कारण आपल्या कसिनोत नोकराने खेळायचे नाही असा नियम होता. तिथे भिंतीकडच्या शेवटच्या यंत्रावर बसायची. का, तर त्याने सकाळपासून दिले नव्हते म्हणून.

समोरच्या कसिनोचा मेकॅनिक मर्विन हा त्याच वेळी रस्ता ओलांडून आमच्याकडे खेळायला यायचा. आम्ही रस्त्याच्या मधोमध एकमेकांना मान हलवायचो. अकरा वर्षे मान हलवली, बोललो कधीच नाही. दोघांनाही सगळे ठाऊक होते. मर्विन आता नाही, आणि शेवटी त्याला कोणी जुगार सोडणाऱ्यांच्या सभेत बोलावून बसवले होते का, मला माहीत नाही. मी बोलवायला हवे होते. हे मी कबूल करून ठेवते, कारण ते आता दुसरीकडे कुठे लिहायला जागा नाही.

ओरिनशी मात्र तो एकदा बोलला, आणि ते माझ्या उपयोगी पडले. १९९३ साली एका दुपारी ओरिन माझा विसरलेला डबा घेऊन आमच्या कसिनोत आला. मी जागेवर नाही. मर्विन तिथल्याच एका यंत्रावर बसला होता. त्याने मान न वळवता सांगितले, "समोर आहे ती. भिंतीकडे." ओरिन आला, त्याने डबा माझ्या यंत्रावर ठेवला. मी म्हणाले, "दोन मिनिटं." तो शेजारच्या स्टुलावर बसला. दीड तास बसला. मी सँडविचकडे पाहिले नाही आणि त्याच्याकडेही नाही. पाकिटातले संपले तेव्हा तो म्हणाला, "वर्ना, याला काही आठवत नसतं, हे मला तूच सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग तू कोणाची वाट बघतेयस?"

दुसऱ्या दिवशी तो मला रीनोला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला. मला वाटले होते त्या माझ्या लहानपणाबद्दल विचारतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खेळाबद्दल घरच्यांशी खोटे बोलावे लागले का? आणि पूर्वीइतकी मजा यावी म्हणून दर वेळी जास्त लावावेसे वाटले का? दोन्हींना हो. त्या म्हणाल्या, "झालं तर. याला नाव आहे आणि याच्यावर इलाजही आहे." बदफैली, ढोंगी, आळशी असे काहीतरी ऐकायची माझी तयारी होती. आजाराचे नाव ऐकून मी तिथेच रडले, सुटल्यासारखे वाटले. मग दर शुक्रवारची सभा, पगार ओरिनच्या हाती, चेकबुक ओरिनच्या खिशात, आणि किराणाही ओरिनच आणायचा, कारण आमच्या राज्यात दूध घ्यायला गेले तरी दाराशी आठ यंत्रे वाजत उभी असतात. नोकरी सोडली. त्यानंतर मी शिवणयंत्रे आणि कपडे धुण्याची यंत्रे दुरुस्त केली. त्यांच्यावर पैसे लागत नाहीत.

कलम तिसरे. माझी नणंद युनिस, राहणार सुझनव्हिल, कॅलिफोर्निया, हिला तपकिरी लिफाफा द्यावा. आमच्या राज्यात लॉटरी नाही, म्हणून ती हद्दीपलीकडून दर वाढदिवसाला शुभेच्छापत्रात घालून मला खरवडायचे एक तिकीट पाठवते, आणि खाली लिहिते, "गंमत!" अशी एकोणतीस तिकिटे झाली. ती आजवर आमच्या सभेतल्या फर्मिनच्या शेडमध्ये ठेवलेली होती. एकही खरवडलेले नाही. युनिसने ती मोजून घ्यावीत. तिच्यावर माझा राग नाही. होता, पण तो इतकी वर्षे सांभाळणे फार खर्चाचे पडते.

कलम चौथे. माझी मुलगी जोलीन, राहणार बॉइझी, हिला माझी बँकेतली सगळी बचत द्यावी. यात कोणाचा वाटा नाही. चौदा वर्षांची असताना जोलीनने बिस्किट नावाचे कोकरू वाढवून काउंटीच्या जत्रेत लिलावाला उभे केले होते. पहाटे उठून त्याला फिरवायची, त्याच्याशी बोलायची, आणि विकले तेव्हा कुंपणाला धरून रडली. चेक तिच्या नावाचा होता. मी तिला म्हणाले, "माझ्याकडे दे, बँकेत टाकते." तो बँकेत गेला नाही. जोलीनने पुढे कधीच विचारले नाही, हेच मला जास्त लागले. जोलीन, तू मला माफ केलेस हे मला माहीत आहे. तरी मी ते लिहून ठेवते, कारण तू दर वेळी विषय बदलतेस.

कलम पाचवे. घरातल्या वस्तू, म्हणजे भांडी, गोधड्या, ओरिनचा रेडिओ, भिंतीवरचे हरणाचे डोके वगैरे, दोन्ही मुलांनी आळीपाळीने निवडून घ्याव्यात. आधी जोलीन, मग लायल. कुठल्याही वस्तूसाठी नाणे उडवू नये, काड्या ओढू नयेत, पत्ता कापू नये, चिठ्ठ्या टाकू नयेत. ओरिनचे भाऊ त्यांच्या बापाच्या ट्रॅक्टरसाठी पत्ता कापायला बसले होते, तेव्हा मी शेजारच्या खोलीत गादीवर बसून पत्ता कोणता निघतो याचा अंदाज करत होते. मला ट्रॅक्टर मिळणार नव्हता. त्याने काही फरक पडत नाही, हे ज्यांना कळते त्यांना कळते. एखाद्या वस्तूवर दोघांचा जीव असेल तर बोलून मिटवा. बोलता येत नसेल तर ती वस्तू चर्चला द्या आणि दोघेही उपाशी राहा. हरणाचे डोके कोणालाच नको असेल याची मला कल्पना आहे.

कलम सहावे. या कागदाची अंमलबजावणी मिसेस पॅजेट करतील. फर्मिन एचेगोयेन याला मी काही ठेवू शकत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असे कायदा सांगतो. फर्मिन पूर्वी मेंढ्या चारायचा, पत्त्यांत अख्खा कळप घालवून आमच्या सभेत आला, आणि तीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दार ढकलले तेव्हा खोलीत मी एकटी बाई होते, तर त्याने आपली खुर्ची मला दिली. कायद्याचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पोरी, तीस वर्षं तुझी पाणचट कॉफी प्यायलो. आणखी काय देणार आहेस?"

कलम सातवे. घर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. यात जे येते ते लिहायला माझा मुलगा लायल याने परवानगी दिली आहे. "लिही," म्हणाला, "फक्त मला शहाणा दाखवू नकोस." दाखवणार नाही.

ओरिन गेल्यापासून दर शनिवारी लायल माझा किराणा आणतो. दोन वर्षांपूर्वी मला दिसू लागले की पिशवी एकच असते, तरी तो उरलेले सामान आणतो म्हणून तीन-तीनदा ट्रककडे जातो. जेवताना हसायचा ते गोष्ट संपायच्या आधीच. आयुष्यात बॅट हातात न धरलेला माणूस कुठल्या कुठल्या देशांतल्या टेबल-टेनिस खेळणाऱ्यांची नावे घेऊ लागला. लग्नाची अंगठी बोटात नव्हती. विचारले तर म्हणाला, सैल करायला दिली आहे. लायलची बोटे सुजलेली नव्हती. मी चौदा वर्षे आवाजावरून बिघाड ओळखला आहे, आणि हा आवाज तर माझाच होता.

ओळखले, पण बोलले नाही. पुढच्या शनिवारी बोलू, असे सहा शनिवार केले. मग जूनमध्ये तो छतावरचा कूलर दुरुस्त करायला चढला आणि फोन स्वयंपाकघरात विसरला. पडद्यावर सामना चालू होता. एक लाल शर्टवाला, एक निळा. खाली त्याने लावलेली रक्कम. मी फोन उपडा ठेवायला हवा होता. मी खुर्ची ओढून बसले. लाल शर्टवाला जिंकावा म्हणून मी टेबलाची कड धरून ठेवली होती, आणि तो जिंकला तेव्हा माझ्या अंगात जे चढले ते मी एकोणतीस वर्षांनी भेटूनही लगेच ओळखले.

त्या शुक्रवारी मी सभेत उभी राहिले आणि न खेळता काढलेल्या एकोणतीस वर्षांचे पदक परत केले. फर्मिन चिडला. "एक पैसा तरी लावलास का? उगाच सोवळं!"

"पैसा नाही लावला. मी स्वतः पणाला लागले होते."

"असं मोजायला लागलो तर या खोलीत एकाकडेही पदक उरायचं नाही."

"तुमचं तुम्ही बघा. मला माझं माहीत आहे."

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे मी गाडी चालवत नाही. लायल मला आणायला बाहेर थांबला होता. मी ट्रकमध्ये बसले आणि म्हणाले, "आज माझा पहिला दिवस आहे."

"कसला पहिला दिवस? आई, तू खेळलीस? कुठे?"

"स्वयंपाकघरात. तुझ्या फोनवर. लाल शर्टवाला."

त्याने इंजिन सुरू केले आणि बंद केले. "तू माझा फोन बघितलास?"

"बघितला. चुकलं. आणि तू खेळतोस तेही बघितलं."

"ते वेगळं असतं, आई. मी अभ्यास करून लावतो. आकडे बघून."

"मी यंत्राचं पोट उघडून बघायचे, लायल. माझ्याइतका अभ्यास कोणाचा असणार?"

त्याने मला दाराशी सोडले आणि ट्रक वळवला. पुढचे पाच शनिवार आला नाही, किराणा दुसऱ्या कोणाच्या हाती ओट्यावर येऊन पडायचा. सभेला मला फर्मिन न्यायचा. ते पाच आठवडे मला फार जड गेले. मी गप्प राहिले असते तर निदान मुलगा शनिवारी जेवायला तरी आला असता, असेही वाटले. सहाव्या शुक्रवारी ट्रक दारात उभा. सभेच्या दाराशी मला सोडून तो जाईल असे मी धरून चालले होते. त्याने ट्रक बंद केला आणि माझ्यामागून आत आला. त्या दिवशी त्याने फक्त नाव सांगितले. लायलला शहाणा दाखवायचे नाही म्हणून हेही लिहिते: या मार्चमध्ये तो घसरला, तीन दिवस, आणि त्याला पुन्हा एकपासून मोजायला लागले. आता सहा महिने होत आले. सोडून गेलेली बायको परत आली आहे. अंगठी अजून नाही.

आता घराचे. मिसेस पॅजेट यांनी मला एक मसुदा करून दिला. त्यात असे होते की लायल सलग पाच वर्षे न खेळता राहिला तर घर लायलचे, न राहिल्यास जोलीनचे. मसुदा स्वच्छ होता, कायद्यात बसणारा होता. मी तो घरी आणून टेबलावर ठेवला आणि वाचला. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की मी हिशोब करते आहे. पाच वर्षे टिकेल का? मार्चमध्ये घसरला, म्हणजे दहात चार. बायको आली, म्हणजे दहात पाच. माझ्या पोटच्या मुलावर मी भाव काढत होते, आणि तो हरला तर माझी मुलगी जिंकावी अशी मांडणी मीच माझ्या सहीने करणार होते. मी मसुदा फाडला आणि फर्मिनला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "बरं झालं फाडलास. मी येऊ म्हणतेस का? नको? मग कॉफी घे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. लायल खरबूज कापत होता. मी त्याला म्हणाले की घर मी त्याच्या नावावर करते आहे, कुठलीही अट नाही. त्याने सुरी खाली ठेवली.

"माझ्या नावावर करू नकोस, आई."

"का?"

"नाव आलं की एखाद्या वाईट दिवशी मी तो कागद घेऊन बँकेत जाईन. आज नाही जाणार. पण तो दिवस आला की मी कसा असतो ते मला माहीत आहे."

मी त्याला जन्म दिला, चालायला शिकवले, पण त्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. कोणी न विचारता तो स्वतःबद्दल हे बोलला. समुपदेशक बाईंच्या दोन्ही प्रश्नांपुढचे हे उत्तर होते.

म्हणून असे ठरवते. घर जोलीनच्या ताब्यात विश्वस्त म्हणून राहील. लायलला ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, त्यावर कर्ज काढता येणार नाही. पण त्यात राहण्याचा हक्क त्याचा आहे, तो जिवंत असेपर्यंत, आणि तो हक्क कोणत्याही कारणाने कोणालाही काढून घेता येणार नाही. तो कसा वागला यावर हे अवलंबून नाही. जोलीनला मी फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "असंच हवं होतं." मग विषय बदलला.

मिसेस पॅजेट यांनी विचारले की हक्क कोणत्या परिस्थितीत संपेल. लायल शेजारी बसला होता, त्यानेही तेच विचारले, माझ्याकडे न बघता.

"आणि मी पुन्हा घसरलो तर?"

"तर काय? रात्री झोपायला घरी ये."

हे मी मिसेस पॅजेट यांना शब्दशः लिहून घ्यायला सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिहिले.

वरील सर्व मी स्वतः वाचले, लायलने मोठ्याने वाचून दाखवले, आणि माझ्या मर्जीने खाली सही करते.

वर्ना मे लिंडक्विस्ट

आमच्या दोघांच्या समक्ष वर्ना यांनी सही केली. त्या वेळी त्या शुद्धीत होत्या आणि पेन चालत नाही म्हणून पेनवर ओरडत होत्या.

साक्षीदार: फर्मिन एचेगोयेन, निवृत्त मेंढपाळ
साक्षीदार: कॉर्डेलिया न्यूस्ट्रॉम, शेजारीण

स्थळ: फॅलन, नेव्हाडा
सोमवार, दिनांक १६ सप्टेंबर २०२४